रात्री डिझेल कुठे जाते? जुन्या पिकअपच्या पहाटेच्या तक्रारीविषयी

आपण केज तालुक्यातून जे लिहिले आहे, ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट समजले की नाही हे आपल्यालाही कळेल. गाडी २०११ सालची डिझेल पिकअप आहे. रात्रभर उभी राहिली की पहाटे तीन-चार वेळा लांब सेल्फ मारावा लागतो. सुरुवातीला सायलेन्सरमधून धूरच येत नाही, मग थोडा पांढरा धूर दिसतो, इंजिन अडखळत उठते आणि मिनिटभरात सुरळीत चालू लागते. त्यानंतर दिवसभर ती अर्ध्या सेल्फवर सुरू होते. दुसरी तक्रार अशी, की बीडहून पेंड किंवा खत भरून परतताना मांजरसुंब्याच्या घाटात गाडी ओढ सोडते. बॅटरी नवी घातली, सेल्फ दुरुस्त करून घेतला, डिझेल फिल्टर दोनदा बदलला, उलट दुसऱ्यांदा फिल्टर बदलल्यावर त्रास थोडा वाढल्यासारखा वाटतो. आता मिस्त्री पंप (डिझेल मोठ्या दाबाने ढकलणारा) आणि नोझल (ते सिलिंडरमध्ये फवारणारे) खोलायला सांगत आहेत, खर्च १८ ते २० हजारांचा आहे, आणि तो करावा का, असे आपण विचारले आहे.

माझे उत्तर असे आहे, की अजून करू नये. मी २७ वर्षे लातुरात डिझेल गाड्यांचे, त्यातही मुख्यतः पंप-नोझलचे काम करतो, म्हणजे हा खर्च ग्राहकाने केला तर तो माझ्यासारख्याच्याच गल्ल्यात येतो. तरीही पंपाचा नंबर या तक्रारीत शेवटचा लागतो. गाडी मी पाहिलेली नाही, त्यामुळे दोष नेमका अमुक ठिकाणी आहे असे मी इथून छातीठोक सांगू शकत नाही. पण आपण लक्षणे ज्या क्रमाने सांगितली आहेत, तो क्रमच बरेच काही सांगतो.

पहिली गोष्ट धुराची. सेल्फ जोरात फिरत असताना सायलेन्सरमधून अजिबात धूर येत नसेल, तर सिलिंडरपर्यंत डिझेल पोहोचतच नाही. पांढरा धूर येत असेल आणि तरीही इंजिन उठत नसेल, तर डिझेल पोहोचते आहे पण पेटत नाही, आणि मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचा जोर), टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ), नोझलची फवारणी किंवा सेल्फची मंद गती यांकडे पाहावे लागते. आपल्या गाडीत आधी धूर नाही आणि मग पांढरा धूर, म्हणजे आधी डिझेल येत नव्हते, नंतर हवेबरोबर तुटक तुटक येऊ लागले. कॉम्प्रेशन उतरलेले असते तर पहिल्या सेल्फपासूनच पांढरा धूर दिसला असता. पंपाचा प्लंजर, म्हणजे डिझेलला दाब देणारा आतला दट्ट्या, झिजलेला असता तर त्रास बहुधा उलटा, म्हणजे गाडी गरम असताना, झाला असता; त्याविषयी पुढे लिहितो. म्हणून ‘गाडी सुरू का होत नाही’ हा प्रश्न थोडा बदलून घेतो. काल रात्री गाडी बंद करताना पंपापर्यंत भरलेले डिझेल पहाटेपर्यंत गेले कुठे, हे आपल्याला शोधायचे आहे.

बॅटरी आणि सेल्फचा विषय आपण जवळजवळ मिटवला आहे, तरी एक तपासणी राहिली असेल तर करून घ्यावी. मल्टिमीटर लावून पाहा. उभ्या गाडीत पूर्ण चार्ज बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, आणि सेल्फ मारताना ते ९.६ च्या खाली जाऊ नये. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावून सेल्फ मारल्यावर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर अर्थिंगची पट्टी खराब आहे. डेंटिंग-पेंटिंग झालेल्या गाडीत ही पट्टी रंगावरच बसवलेली मी कितीदा तरी पाहिली आहे, आणि अशा गाडीवर दोन-दोन बॅटऱ्या बदललेल्या असतात. दिवसभर अर्ध्या सेल्फवर सुरू होणाऱ्या गाडीत मात्र हा दोष असण्याची शक्यता कमी आहे.

आता मुख्य मुद्दा. फिल्टरच्या डोक्यावर हाताने दाबायचे बटण, म्हणजे पाईपमध्ये डिझेल भरून घेणारा प्रायमर, आहे असे आपण लिहिले आहे, त्यावरून गाडीला रोटरी पंप असावा. अशा बहुतेक गाड्यांत टाकीपासून पंपापर्यंत डिझेल ढकलणारा वेगळा पंप नसतो. पंपच आपल्या पोटातल्या पात्यांनी टाकीतून डिझेल ओढून घेतो. याचा अर्थ टाकीतली नळी, चेसिसवरून येणारा पाईप, रबरी जोड, फिल्टर, त्याचे वॉशर, प्रायमरचे बटण, हे सगळे ओढीच्या बाजूला येते. इंजिनच्या बाजूला डायफ्रामचा (रबरी पडद्याचा) वेगळा फीड पंप असेल, तर त्याच्यापुढचा भाग दाबाखाली असतो आणि तिथे गळती असली तर ती ओली दिसते. ओढीच्या बाजूचे तसे नसते. वरच्या बाजूला चीर गेलेल्या नळीने शहाळे प्यायला बसले, तर नळीतून पाणी बाहेर गळत नाही, तोंडात नुसती हवा येते. गाडीतही इंजिन चालू असताना त्या बारीक फटीतून हवा आत येते. पण ती थोडी असल्यामुळे पंप ती रिटर्न पाईपने परत पाठवतो आणि चालकाला काही कळत नाही. रात्री इंजिन बंद असते, टाकी पंपापेक्षा खालच्या पातळीवर असते, आणि त्याच फटीतून हवा शिरत राहिल्यामुळे पाईपमधले डिझेल सावकाश टाकीत उतरून जाते. पहाटे सेल्फ फिरतो तेव्हा पंप आधी हवा ओढतो, मग फेस, आणि मग डिझेल. म्हणूनच ‘कुठे काही ठिबकत नाही, मी सगळे पाहिले’ या वाक्यावर मी विश्वास ठेवतो, पण ओढीची बाजू निर्दोष आहे असे त्यावरून मानत नाही.

हा धडा मला महाग पडून मिळाला आहे. परभणीकडच्या एका भाजीवाल्याची पिकअप हीच तक्रार घेऊन आली होती. तेव्हा माझ्या हाताला पंप खोलायची घाई असायची. मी पंप उतरवला, सील संच बदलला, टेस्ट बेंचवर, म्हणजे पंप तपासायच्या यंत्रावर, त्याची मापे जुळवली, गाडी दुपारी झटक्यात सुरू करून दाखवली आणि पैसे घेतले. तिसऱ्या दिवशी तो पहाटे तीनच्या सेल्फचा हिशेब सांगत पुन्हा दारात उभा. मग मी शांतपणे गाडीखाली शिरलो. चेसिसला पाईप धरून ठेवणाऱ्या एका क्लॅम्पमधले रबर केव्हाच गळून पडले होते आणि लोखंडी पाईप पट्टीवर घासत होता. त्या जागी काळ्या मातीचा वाळलेला गोळा बसला होता. तो स्क्रू ड्रायव्हरने उकरला तेव्हा आतली माती बाहेरच्यापेक्षा किंचित ओलसर आणि काळपट निघाली, नाकाशी नेल्यावर डिझेलचा वास आला, आणि तिच्याखाली सुईच्या टोकाएवढे भोक होते. तेवढा पाईप बदलला आणि गाडी सुधारली. पंपाची मजुरी मी परत केली. सील संचाचे पैसे मात्र मी कितीही म्हणालो तरी तो परत घ्यायला तयार झाला नाही, कारण ‘सील तर नवे पडले ना’ असे त्याचे म्हणणे. माणूस भला होता, चूक माझी होती.

आपल्या गाडीची तपासणी बिनखर्चाच्या प्रयोगापासून सुरू करता येईल. आज रात्री गाडी अशा उतारावर लावा, की तिचे तोंड खाली आणि टाकीची बाजू वर राहील. गाडी गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा आणि चाकांना दगड लावा. आपल्याकडे सुरू व्हायला त्रास देणारी गाडी उतारावर लावायची सवय असतेच, पण ती ढकलून सुरू करता यावी म्हणून. त्यामुळे अनेकांच्या हे लक्षातच येत नाही, की तोंड खाली करून लावलेल्या गाडीला धक्क्याची गरजच पडत नाही. पहाटे नुसत्या सेल्फवर ती पटकन उठली, तर डिझेल रात्री परत उतरत होते या निदानाला मोठा आधार मिळाला. उतार पुरेसा नसेल किंवा टाकी जवळजवळ रिकामी असेल, तर हा प्रयोग फसवू शकतो, म्हणून टाकी निदान अर्धी असू द्या. टाकीवरून आठवले. टाकी भरलेली असताना त्रास कमी आणि पाव टाकीवर जास्त, असे काही आपल्या पाहण्यात आले आहे का? तसे असेल तर टाकीच्या आत उतरणारी ओढीची नळीच वरच्या भागात तडकलेली असू शकते. डिझेलची पातळी त्या तड्याच्या वर असेपर्यंत तिथून हवा येत नाही. हा दोष बाहेरून कितीही पाहिले तरी दिसत नाही.

दुसऱ्या पहाटे, सपाट जागी लावलेल्या गाडीवर, सेल्फला हात लावण्याआधी प्रायमरचे बटण दाबून पाहा. पाईप भरलेला असेल तर ते चार-पाच दाबांत घट्ट होते. वीस-तीस दाबांपर्यंत ते पोकळ लागत असेल आणि घट्ट झाल्यावर गाडी पहिल्याच सेल्फला सुरू होत असेल, तर पंप आणि नोझल आपले काम करत आहेत, त्यांना फक्त डिझेल मिळत नव्हते, हे स्पष्ट होते. बटण दाबताना त्याच्याच बुडातून बुडबुडे किंवा ओल दिसली तर बटणाचा डायफ्रामच गेला आहे, आणि शोध तिथेच संपतो.

तिसरी तपासणी मिस्त्रींकडून करून घ्या. आमच्याकडे तिला गाडीला सलाईन लावणे म्हणतात. पाच लिटरचा स्वच्छ कॅन बॉनेटच्या पातळीपेक्षा वर पक्का बांधायचा, टाकीकडून फिल्टरला येणारा पाईप काढून त्या जागी पारदर्शक नळीने कॅनमधले डिझेल जोडायचे, आणि पंपाचा रिटर्नही दुसऱ्या पारदर्शक नळीने कॅनमध्येच सोडायचा. इंजिन चालू करून रिटर्नच्या नळीतले बुडबुडे संपेपर्यंत थांबायचे, मग गाडी तशीच रात्रभर उभी ठेवायची. आता डिझेल वरून येत असल्यामुळे फिल्टरकडचे जोड ओढीऐवजी दाबाखाली आले, म्हणजे जिथून आधी हवा आत शिरत होती तिथून आता डिझेल बाहेर पाझरेल. खाली कोरडा पांढरा कागद पसरून ठेवला की सकाळी थेंब सापडतो. कागद कोरडा आणि गाडी झटक्यात सुरू, तर दोष टाकी ते फिल्टर या टप्प्यात आहे. कागदावर थेंब, तर फिल्टर, वॉशर किंवा पंपाचा जोड. सलाईन लावूनही गाडी पूर्वीसारखीच छळत असेल, तरच पुढच्या वस्तूंकडे वळायचे. हा कॅन बांधून गाडी रस्त्यावर नेऊ नका आणि जवळ विडी-काडी नको, एवढे पथ्य पाळावे.

फिल्टर दुसऱ्यांदा बदलल्यावर त्रास वाढला, हे आपण सहज लिहिले आहे, पण मला ते महत्त्वाचे वाटते. फिल्टर बदलताना जुनाच तांब्याचा वॉशर परत बसवला जातो, किंवा फिल्टरची जुनी रबरी रिंग डोक्याला चिकटून राहते आणि तिच्यावर नवी बसते. दोन्ही चुका माझ्या पोरांनी माझ्या डोळ्यांसमोर केल्या आहेत. बँजो बोल्ट, म्हणजे पाईप जोडणारा पोकळ बोल्ट, फार आवळल्यानेही जुना वॉशर बसत नाही. तो बदलावाच लागतो, आणि त्याची किंमत चहाएवढी असते. त्याच वेळी नोझलवरून फिरणाऱ्या, रिटर्नच्या बारीक रबरी नळ्या वाकवून पाहा. इंजिनच्या उष्णतेने त्या वरून धड दिसल्या तरी वाकवल्यावर बारीक भेगा उघडतात, आणि रात्री तिथूनही हवा पंपात उतरते. पंपाच्या रिटर्नच्या बोल्टला आत बारीक छिद्र असते आणि त्यावर बहुधा ‘आऊट’ असे कोरलेले असते. तो बोल्ट आणि आवकेचा बोल्ट दिसायला सारखे असल्यामुळे कधी कधी अदलाबदल होते. मग पंपातला दाबच बिघडतो आणि बिचारा पंप बदनाम होतो.

आपल्या वयाच्या गाड्यांत हे जोड गेल्या काही वर्षांत जास्त त्रास का देऊ लागले, याचे एक कारण डिझेलमध्येही आहे. आपली गाडी बाजारात आली तेव्हाच्या बीएस-३ (भारत स्टेज या प्रदूषण मानकाच्या) डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा ३५० पीपीएम, म्हणजे दहा लाखांत ३५० भाग, होती. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ इंधन आले आणि ती ५० वर आली, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंधनात ती १० आहे. हवेसाठी हे चांगलेच झाले. पण गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधले काही अरोमॅटिक घटकही कमी होतात, आणि जुन्या धाटणीचे रबरी सील त्याच घटकांमुळे थोडे फुगून घट्ट बसलेले असतात. वर्षानुवर्षे ताठरलेला सील मग आकसतो. म्हणून सील आणि नळ्या बदलायच्याच असतील, तर सध्याच्या डिझेलला चालणाऱ्या घ्याव्यात, दुकानात वर्षानुवर्षे पडून असलेला जुना माल घेऊ नये. साधी पाण्याची नळी कापून लावणे तर मुळीच नको, ती काही महिन्यांत लिबलिबीत होते.

घाटातल्या तक्रारीचे मूळ याच पाईपमध्ये असू शकते. भरलेली गाडी चढावर जास्त डिझेल मागते. टाकीतल्या नळीच्या टोकाची जाळी गाळाने किंवा काळ्या शेवाळासारख्या चिकट थराने अर्धी बुजली असेल, तर पंपाला जास्त जोराने ओढावे लागते, आणि ओढ वाढली की रिकाम्या गाडीत नगण्य असलेली फट चढावर भरपूर हवा आत घेऊ लागते. तो काळा थर टाकीच्या तळाशी साचलेल्या पाण्यामुळे होतो. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे सूक्ष्म जिवाणू वाढतात. फिल्टरच्या तळाचा बोल्ट सैल करून काचेच्या ग्लासात थोडे डिझेल घ्या आणि दहा मिनिटे ठेवा, पाणी असेल तर तळाशी वेगळे दिसेल. जाळी पाहण्यासाठी फिल्टरकडून पाईप सोडवून टाकीच्या दिशेने हळू हवा फुंकावी. टाकीचे झाकण उघडे ठेवले तर आत बुडबुड्यांचा मोकळा आवाज येतो. हवा अडत असेल तर टाकी उतरवून धुण्याला पर्याय नाही. घाटात गाडी ओढ सोडेल तेव्हा बाजूला सुरक्षित जागी उभी करून टाकीचे झाकण उघडून पाहा. ‘फुस्स’ असा हवा आत जाण्याचा आवाज आला आणि त्यानंतर गाडी ओढू लागली, तर झाकणाचे हवेचे छिद्र बुजले आहे, तेवढेच. चढावर काळा धूर येत असेल तर मात्र हवा कमी पडते आहे. सोयाबीनच्या काढणीत चालणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर मी धूळ झटकून नव्हे, तो सूर्यासमोर धरून पाहतो.

थंडीचा मुद्दा आपण विचारला नाही, पण मराठवाड्यात डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा काही जण दोष थंडीवर टाकून मोकळे होतात. डायरेक्ट इंजेक्शनच्या (थेट सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या) अनेक इंजिनांना सिलिंडर आधी तापवणारे हीटर प्लग नसतातच, आणि धड कॉम्प्रेशन असलेली गाडी आपल्याकडच्या थंडीत त्यांच्याशिवाय सुरू होते. एक अपवाद आहे. उन्हाळ्यात भरून ठेवलेल्या ड्रममधले डिझेल जानेवारीत वापरू नये. डिझेल थंडीत फिल्टरमध्ये अडकू लागण्याच्या तापमानाची मर्यादा उन्हाळी मालासाठी १८ अंश आणि हिवाळी मालासाठी ६ अंश अशी वेगळी ठरवलेली आहे, त्यामुळे मेमधले डिझेल जानेवारीच्या पहाटे मेण धरू शकते.

पंप खरोखर केव्हा खोलावा, हे आता सांगतो. सलाईन लावूनही गाडी उठत नसेल. किंवा गाडी थंड असताना सुरू होते पण भरउन्हात थांबवून दहा-पंधरा मिनिटांनी सेल्फ मारला तर होत नाही, आणि पंपावर ओले फडके ठेवून तो थंड केला की होते, असे दिसत असेल, तर पंपाच्या आतले भाग झिजले आहेत. गरम डिझेल पातळ होऊन त्या झिजेतून परत घसरते, म्हणून असे होते. रोटरी पंपाला डिझेलचेच वंगण असते. कधी काळी रॉकेलची भेसळ पोटात गेली असेल तर ही झीज लवकर येते. तेव्हा टेस्ट बेंच असलेल्या ठिकाणीच पंप न्यावा आणि नोझल तपासताना समोर उभे राहावे. हातपंपावर लावलेले नोझल धुक्यासारखे फवारते की मुतल्यासारखी धार सोडते, हे पाहायला मेकॅनिक असावे लागत नाही. त्या फवाऱ्यासमोर हात मात्र धरू नका. सुमारे २०० बारच्या दाबाचे डिझेल कातडी भेदून आत शिरते आणि ती जखम दिसते त्याहून फार वाईट असते.

तोपर्यंत पहाटे गाडी उठवण्यासाठी एअर फिल्टरच्या तोंडाशी पेटते फडके धरणे किंवा ईथरचा फवारा मारणे हे दोन्ही टाळा. एकाने गाडी पेटते आणि दुसऱ्याने पिस्टनला धक्का बसतो. सेल्फही एका वेळी १०-१५ सेकंदांहून जास्त मारू नका आणि मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर नुकताच दुरुस्त केलेला सेल्फ पुन्हा जळेल.

या तपासण्यांनंतर पुन्हा लिहायचे असेल, तर तीन गोष्टी जरूर कळवा: तोंड खाली करून लावलेली गाडी पहाटे कशी उठली, सपाट जागी प्रायमर घट्ट व्हायला किती दाब लागले, आणि त्या दिवशी टाकीत डिझेल किती होते. मिस्त्रींनाही हेच आकडे दाखवा. पंप खोलायचा की पंधरा रुपयांचा वॉशर बदलायचा, हे त्यांनाही त्यावरून ठरवता येईल.